शिला कुठं हाय?

लासुर्ण्याच्या आरोग्य उपकेंद्रात मी सिस्टर म्हणून रुजू झाले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी दुपारी शेजारच्या ओट्यावर भांडण जुंपलेलं ऐकू आलं. बाईचा आवाज खणखणीत, पुरुषाचा रडकुंडीला आलेला.

"पाय जमिनीव हाय का अधांतरी, येवढंच इचारलं म्या."

"अगं अक्का, उडतुया म्हनलं न्हवं? मग पाय अधांतरीच आसनार की."

"उडायच्या आधीचं चित्र हाय का उडाल्यावरचं?"

मग पुरुष म्हणाला, "आधीचं."

"मग? जमिनीवच हाय की पाय. टाच उचललीया का न्हाय, ते सांग."

कोणीतरी माळ्यावरून उडी मारायला निघालंय आणि ही दोघं वाद घालत बसलीत, अशा समजुतीनं मी पायात चपलाही न घालता पळत गेले. बघते तर ओट्यावर साठीच्या घरात आलेली एक सावळी बाई मांडी घालून बसलेली. चेहऱ्यावर देवीचे व्रण, डोळे मिटलेले, हातात नायलॉनची दोरी आणि वासराच्या तोंडाला बांधायचं अर्धवट विणलेलं मुसकं. समोर ग्रीस लागलेल्या कपड्यांत एक धिप्पाड माणूस, हातात रंगीत चित्रांचं जुनं कॉमिक. माझ्या पायांचा आवाज ऐकून बाई म्हणाल्या, "नवीन सिस्टर का? या. बसा. आनि तुमी तरी बघून सांगा, टाच उचललीया का?"

मी कॉमिक हातात घेतलं. निळ्या अंगरख्यातला एक माणूस गच्चीच्या कठड्यावर उभा होता.

"उचललीय," मी म्हटलं. "एका पायाची. डाव्या."

"बघ भानुदास," त्या समाधानानं म्हणाल्या. "हिला दिसतंय."

तेव्हापासून सहा वर्षं, बदली होईपर्यंत, माझे रविवार अक्कांच्या ओट्यावर गेले.

त्यांचं नाव अनसूया, पण ते रेशनकार्डापुरतं. सगळं गाव अक्काच म्हणायचं. सातव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. लग्न झालं नाही. भाऊ आणि भावजय हिराबाई यांच्या घरात त्या राहायच्या आणि दावी वळायच्या, मुसकी विणायच्या. पार अंथुर्णे गावापासूनची माणसं त्यांच्याकडची दावी घेऊन जायची. म्हैस ओढून दमेल पण दावं तुटायचं नाही, अशी ख्याती.

भाऊ, म्हणजे दादा, एसटीत ड्रायव्हर होते, इंदापूर-पुणे फेरीवर. तरुणपणी एकदा पुण्याच्या स्टँडवर गाडी सुटायला वेळ होता म्हणून त्यांनी स्टॉलवरून एक हिंदी कॉमिक घेतलं. सात महावीरांची टोळी, नाव 'सप्तकवच'. घरी येऊन बहिणीला वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, "ह्येच्या म्होरचं?" तिथून दादा दर महिन्याला पुढचा अंक आणायला लागले. मी गेले तेव्हा घरात एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात शेकड्यांनी अंक, कापडात गुंडाळून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले. दादांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून वाचायचं काम ट्रॅक्टर गॅरेजवाल्या भानुदासकडे आलं होतं. भानुदास स्वतः लहानपणी याच ट्रंकेतले अंक वाचून मोठा झालेला आणि चाळिशी ओलांडली तरी त्यातून बाहेर न आलेला.

अक्कांना वाचून दाखवणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. पहिल्या रविवारी मी फुग्यातले संवाद मराठीत करून धडाधड सांगत सुटले. त्यांनी दोन पानं ऐकून घेतलं आणि दोरी खाली ठेवली.

"सिस्टर, तुमी भाषन करताय का? चित्रात काय हाय ते सांगा. आधी चौकट केवढी. मग कोन कुठं. मग पाय, मग हात, मग तोंड. बोलनं सगळ्यात शेवटाला."

"पण गोष्ट संवादातच असते ना अक्का?"

"बोलतंय समदं जग. करतंय काय, ते बघा की."

रंगांचीही तीच तऱ्हा. सात वर्षांचे रंग त्यांच्याजवळ होते आणि ते त्यांनी जपून ठेवले होते. लाल म्हटलं की विचारायच्या, "गाजरावानी का पिकल्या मिरचीवानी?" निळा म्हटलं की, "आभाळ का कॅनॉल?" हळूहळू मला सवय लागली. इतकी, की उपकेंद्रात तपासणीला आलेल्या बायकांचंही मी आधी पायांकडे बघायला लागले. एका गरोदर बाईची पायावरची सूज मी ती दारातून आत येतानाच हेरली आणि तिला वेळेवर मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हे अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग? मी काय उगं वरडते व्हय?"

सप्तकवचमधल्या सातही जणांची नावं सांगत बसत नाही. मुसाफिर त्यांचा पुढारी, भिंतीतून आरपार जाणारा. बवंडर ही वाऱ्यासारखी पळणारी पोरगी. गूंज नुसत्या आवाजानं काचा फोडणारा. मला वाटलं अक्कांना गूंज आवडत असेल. तसं बोलूनही गेले.

"का? मला दिसत न्हाय म्हनून?" त्या हसल्या. "त्येचं निस्तं वरडनं. कानाला तरास."

त्यांची होती शिला. शिला म्हणजे एक थोराड बाई, जिच्या अंगात दगड भरून यायचा. दगड भरला की ती जागची हलायची नाही आणि तिला कोणी हलवू शकायचं नाही. ना तिला उडता येई, ना पळता. काही कोसळायला लागलं की ती त्याच्याखाली जाऊन उभी राहायची, बस्स. पूल, बोगद्याचं छत, शाळेची भिंत. बाकीचे सहा जण पुढं मारामाऱ्या करायचे आणि चित्रकार शिलाला मागं कुठंतरी काढून ठेवायचा. कधी धुरात अर्धी, कधी खांबाआड नुसता खांदा. वाचणारा तिला हमखास विसरायचा. मग दोरी वळता वळता अक्का विचारायच्या, "शिला कुठं हाय?"

आपण पुन्हा चित्रात डोकं घालायचं, शोधायचं आणि सांगायचं. तोवर पान उलटायची परवानगी नाही.

"तिच्यात एवढं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"ती धरून ऱ्हाती म्हनून बाकीच्यांना उड्या मारता येत्यात," अक्का म्हणाल्या. "आनि तिचं कुनी सांगत न्हाय. मुसाफिरचं कुनीबी सांगंल."

भानुदासच्या गॅरेजमुळं अक्कांची कीर्ती पार पणदऱ्यापर्यंत गेली. तिथले एक सुनीलराव, पोल्ट्रीवाले, स्वतःला सप्तकवचचे पहिल्या नंबरचे भक्त समजायचे. त्यांच्याकडं सगळा संच होता, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. आमच्या ट्रंकेत शेवटचे बारा अंक नव्हतेच. दादा निवृत्त झाले, पुण्याची फेरी बंद झाली, पुढं कॉमिकही बंद पडलं आणि गोष्ट तशीच अर्धवट राहिली होती. एका रविवारी सुनीलराव सप्तकवचचं चित्र छापलेला टीशर्ट घालून मोटरसायकलवरून आले. आंधळी बाई कसली फॅन, हे बघायला आले होते, आणि ते त्यांच्या चालण्यातच दिसत होतं.

चहा व्हायच्या आत त्यांनी परीक्षा सुरू केली. मुसाफिरच्या आईचं नाव काय? बवंडर टोळीत कितव्या अंकात आली? अक्कांनी तीन उत्तरं दिली, चौथं चुकलं. सुनीलराव खुशीत आले.

"झालं तुमचं?" अक्का म्हणाल्या. "आता माजं एक. बर्फातल्या लढाईत मुसाफिरचा बूट फाटतुया. कंच्या पायातला?"

सुनीलराव थांबले. "बूट... फाटतो का?"

"आंगठा भाईर येतुया. पुढचं चार पानं तसाच लढतुया बिचारा. बरं ते ऱ्हाऊद्या. शिलाच्या पाठीव काय हाय?"

"पाठीवर? तिची पाठ कधी दाखवलीच नाही."

"भानुदास, ट्रंक काढ."

अंक निघाला, पान निघालं. एका लांबड्या चौकटीत कोपऱ्यात अंगठ्याएवढी शिला पाठमोरी उभी होती आणि तिच्या पाठीवर बारीक रेघांची फुली होती. त्या फुलीजवळ भिंतीच्या फटीत उगवतं तसं एक पानही काढलेलं. ते चित्र दादांनी वीस वर्षांपूर्वी अक्कांना सांगितलेलं.

सुनीलराव ते चित्र कितीतरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, "अक्का, हा अंक मी निदान पन्नास वेळा वाचला असेल."

"वाचला आसंल," अक्का म्हणाल्या. "बघितला न्हाय."

पुढच्या रविवारी तेच सुनीलराव शेवटचे बारा अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेऊन आले. सावकाश वाचा म्हणाले, पानं दुमडू नका म्हणाले आणि शेवटाविषयी मी काही बोलत नाही म्हणाले. जाताना अक्कांच्या पाया पडले. अक्का इतक्या खुशीत होत्या की त्यांनी सुनीलरावांना त्यांच्या कुत्र्यासाठी एक रंगीत पट्टा वळून दिला.

ते बारा अंक उघडायच्या आधीच दादा गेले. ऊसतोडीचे दिवस होते. सकाळी चहा पिऊन उठताना छातीत कळ आली. मी धावत गेले तोवर काही राहिलं नव्हतं. अक्का रडल्या नाहीत. दादांची खाट जिथं होती तिथं भिंतीला टेकून बसून राहायच्या. हात रिकामे. त्या महिनाभरात त्यांनी एक दावं वळलं नाही. हिराबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणायच्या, "सिस्टर, मी नवरा गेल्याचं दुख करू का हिच्याकडं बघू?"

मग एका शनिवारी अक्का आपणहून म्हणाल्या, "उद्या रविवार हाय न्हवं? पुस्तक काढा. दादानं म्होरचं ऐकलं न्हाय. आपुन ऐकू."

त्या संध्याकाळी भानुदास उपकेंद्रात आला. त्याला राहवलं नव्हतं, त्यानं त्या बारांतला पहिला अंक आधीच वाचून काढला होता. चेहरा असा, की मला वाटलं कोणाचा तरी अपघात झाला.

"सिस्टर, घात झाला."

"काय झालं?"

"शिला मेली."

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. त्यानं अंक पुढं केला. धरण फुटतंय, खालचं गाव रिकामं होईतोवर शिला भिंतीला पाठ लावून उभी आहे, आणि शेवटच्या पानावर ती राहत नाही. मी ते पान घाईनं बघितलं आणि मिटलं. अक्कांचे रिकामे हात डोळ्यांसमोर आले.

"नाही सांगायचं," मी म्हटलं.

"खोटं बोलायचं? अक्काशी?"

"मग तू सांग जाऊन, उद्या."

भानुदास अंक माझ्याकडंच ठेवून निघून गेला.

रविवारी मीच वाचलं. धरणापर्यंत सगळं खरं सांगितलं. मग शेवटच्या पानावर आले. म्हटलं, गावातली माणसं टेकडीवर पोचली, शिला भिंतीपासून बाजूला झाली, तिच्या हाताला मार लागलाय, हात बांधलाय. इथं भानुदासला मदत करायची हुक्की आली. "पलिस्तर घातलंया," तो म्हणाला.

"दगडाला पलिस्तर?" अक्का म्हणाल्या.

"म्हंजी... सिमेंटचं," भानुदास म्हणाला.

थोड्या वेळानं अक्कांनी हिराबाईंना हाक मारली, "वैनी, दोरीचं बंडल कुठं हाय गं?" आणि दावं वळायला घेतलं. मी भानुदासकडं बघितलं. त्या क्षणी मला वाटलं, या एका खोट्यापायी देव मला माफ करेल.

पण एक अंक झाला, राहिले अकरा. त्या अकरा अंकांत शिला कुठंच नव्हती. सहा जण तिच्या दुःखात बसलेले, पुढच्याच अंकात पान तीनवर तिचा पुतळा. दीड वर्षभर दर आठवड्याला दोनचार पानं आम्ही वाचायचो आणि प्रत्येक चित्रात शिलाला आणून उभं करायचो. अक्कांनी विचारलं की मी म्हणायचे, मागं, डावीकडं. मुसाफिर पुतळ्यासमोर रडत असायचा, तर आम्ही सांगायचो की त्याला आईची आठवण आली. फुग्यातले संवाद कमी पडायला लागले तसे मी शिलाच्या तोंडी माझेच घालायला लागले. एकदा शिलानं बवंडरला वेळेवर जेवत जा म्हणून सांगितलं.

"शिला हल्ली लई बोलाया लागलीया," अक्का म्हणाल्या.

"वय झालं ना तिचं," मी म्हटलं.

"आनि लशीबिशीचंबी सांगतीया का काय आता?"

भानुदास खोकला काढून बाहेर गेला.

अंक संपले. सुनीलरावांना परत दिले. आम्ही सुटलो असं वाटलं. आणि त्याच पावसाळ्यात बातमी आली की सप्तकवचवर सिनेमा निघालाय.

भानुदासचं गॅरेज दोन दिवस बंद होतं म्हणा ना. बारामतीच्या थिएटरात पहिल्याच दिवशी पहिला खेळ बघून तो थेट माझ्याकडं आला. "मारत्यात. इंटरवलच्या नंतर. आनि मरताना ती धा मिंटं भाषन ठोकतीया. समदे 'शिला, शिला' म्हनून वरडत्यात. काय झाकनार आपन?"

अक्कांना आम्ही परोपरीनं सांगितलं. गर्दी आहे, आवाज फार मोठा असतो, हिंदी फार भरभर बोलतात. अक्का ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मग कंच्या दिशी जायचं?"

शेवटी एका बुधवारी दुपारच्या खेळाला आम्ही निघालो. भानुदासची जीप, पुढं तो आणि सुनीलराव, मागं अक्का, हिराबाई आणि मी. अक्कांनी दिवाळीची हिरवी इरकल नेसली होती. सणसरपर्यंत त्या बोलत होत्या, मग गप्प झाल्या. मला वाटलं, झोप लागली असेल. तर म्हणाल्या, "दादा पाहिजे हुता आज."

थिएटरात मी त्यांच्या उजव्या कानाशी बसले आणि सांगायला सुरुवात केली. कोण कुठं, पाय कसे, हात कसे. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं होती. त्यातला एक म्हणाला, "ओ मावशी, बोलू नका ना. पिक्चर बघू द्या."

अक्का मागं वळल्या. "बाळा, तू बघतुयास. मी ऐकतिया. ही थांबली तर मी अंधारात बसलीया."

पोरगा वरमला. पुढं एकदा मी बवंडरचा अंगरखा लाल म्हणाले, तर तोच मागून वाकून हळूच म्हणाला, "लाल नाही, शेंदरी आहे." अक्कांनी मान डोलावली. तिथून आम्ही दोघं मिळून सांगत होतो.

मध्यंतरात माझा वडा मी हिराबाईंना देऊन टाकला. भानुदास तर आत आलाच नाही, दाराशीच उभा राहिला. आणि मग ते दृश्य आलं. धरण. पाणी. शिला भिंतीकडं चालत निघाली. माझा आवाज बंद पडला. ठरवलं होतं की हा दुसराच कोणीतरी आहे असं सांगायचं, पण पडद्यावर सगळे तिच्या नावानं ओरडत होते.

"सांग," अक्का म्हणाल्या.

मी पडद्याकडं बघत राहिले.

"पोरी, सांग की. हात कुठं हायत तिचं?"

तोवर मला त्या कायम सिस्टर म्हणायच्या.

"वर," मी म्हटलं. "दोन्ही हात वर आहेत. तळवे भिंतीला लावलेत. पाय फाकवून उभी आहे. गुडघ्यापर्यंत पाणी आलंय." आणि मी शेवटपर्यंत सांगितलं. ती भाषण करत होती ते सांगितलंच नाही, ते ऐकू येतच होतं. तिचा हात कसा तडकला, खांदा कसा गेला, तोंड कुठल्या बाजूला होतं, ते सगळं. मागच्या पोरानंही मध्ये तोंड घातलं नाही.

बाहेर आलो. थिएटरसमोर चहाच्या गाड्यावर आम्ही पाचजण उभे. भानुदास येऊन अक्कांच्या पुढं उभा राहिला, सव्वासहा फुटी माणूस, आणि म्हणाला, "अक्का, आमी तुला फसीवलं. पुस्तकातबी ती मेल्ती. तवाच."

"ठावं हाय मला," अक्का म्हणाल्या.

मी चहा गाड्यावर ठेवला. "कधीपासून?"

"दुसऱ्याच पुस्तकापासनं. आरं, त्यो चित्रकार तिला येका जागी कवाच उभी करायचा न्हाय. कधी खांबामागं, कधी धुरात, कधी निस्ता खांदा. आनि तुमची शिला? दीड वरीस मागं डावीकडं, मागं डावीकडं. मुर्दाड कुठली! म्हनलं, ही काय खरी न्हाय. हिला सिस्टरनं उभी केलीया."

सुनीलराव एकदम हसले. हिराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला हसावं का रडावं कळेना.

"मग बोलला का नाहीत?"

अक्कांनी बशीतला चहा संपवला. "तवा दादा नुकता गेल्ता. खरं सांगितलं आसतं तर मला सोसलं नसतं. ते तुमी वळीखलं. दोन म्हैन्यांनी इचारनार हुते, तर तुमची शिला बोलाया लागली. जेव म्हन, पानी उकळून पी म्हन. मला मजा वाटाया लागली. तुमी दोघं इतकं मन लावून खोटं बोलत हुता, मोडता कशाला घालू?" मग आवाज बदलून म्हणाल्या, "पन येका गोष्टीचा राग हाय."

"कशाचा?" भानुदासनं विचारलं.

"ती कशी मेली, ते मला कुनी सांगितलं न्हाय. येवढी वरसं 'कुठं हाय, कुठं हाय' म्हनून इचारलं, आनि शेवटाला ती कुठं हुती तेच मला ठावं न्हाय. सिनेमावाल्यांनी तर बदाललं आसनार. शिला येवढं बोलायची न्हाय."

सुनीलराव बारामतीहून एसटीनं पणदऱ्याला जाणार होते, त्याऐवजी जीपच उलटी पणदऱ्याला नेली. त्यांनी घरातून धरणाचा तो अंक आणला आणि अक्कांच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो वाचला. शेवटच्या पानावर चार चौकटी होत्या आणि चारीत मिळून एकही शब्द नव्हता. त्या संध्याकाळी मी हे पान घाईनं मिटलं होतं. आता पहिल्यांदा नीट बघितलं आणि सांगितलं. पहिली चौकट आडवी, पानभर रुंद. शिला मध्यभागी.

"मधी?" अक्का म्हणाल्या.

"मधोमध. पहिल्यांदाच. पाठ भिंतीला, तोंड आपल्याकडं. पाय रोवलेले, बोटं चिखलात. हात खाली, तळवे उघडे." दुसऱ्या चौकटीत नुसते टेकडीवर चढणारे लोक. तिसरीत तिचा चेहरा, डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, ओठांचा एक कोपरा किंचित वर. चौथीत पाणी ओसरलेलं आणि काठावर दगड, साधे, नदीत असतात तसे. एका दगडावर एक बाई कपडे धूत बसलीय.

अक्कांनी ते पान तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, हातातली दोरीही सोडली नाही. शेवटी म्हणाल्या, "बरं काढलंय."

मग राहिलेले अकरा अंकही सुनीलरावांकडून मागवून खरे खरे वाचायची आज्ञा झाली. तिसऱ्या अंकालाच त्या कंटाळल्या. "ह्येच्यापेक्षा तुमचीच बरी हुती," म्हणाल्या. पण एकही चौकट गाळू दिली नाही. सिनेमातला तो मागचा पोरगा पुढं दोनदा बारामतीहून ओट्यावर येऊन गेला. त्याला अक्कांनी पाय बघायला शिकवलं.

त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली इंदापूरच्या पलीकडं झाली. सामान थोडंच होतं, एका छोट्या टेम्पोत बसलं. अक्कांनी सकाळीच येऊन दोरखंडाच्या गाठी स्वतः चाचपून बघितल्या आणि टेम्पोवाल्यानं मारलेल्या दोन सोडून पुन्हा बांधल्या. तो कुरकुरला तर त्याला म्हणाल्या, "तुजी गाठ निमगावापत्तर टिकंल. हिला म्होरं जायचंय." मला ओवाळलं हिराबाईंनी. अक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवून नुसतं "जा" म्हणाल्या आणि माझ्याच रिकाम्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या.

टेम्पो निघाला. मी मागं बघत होते. रस्ता शाळेला वळसा घालून कॅनॉलकडं जातो, तिथून घर आडवं दिसतं. टेम्पोच्या आवाजाबरोबर अक्कांची मान हळूहळू वळत होती. डोळे मिटलेले, चेहरा बरोबर आमच्याकडं. कॅनॉलच्या पुलावर मेंढरांचा कळप आडवा आला आणि टेम्पो थांबला. मेंढक्यानं हात करून सबूर म्हटलं. तिकडं पायरीवर अक्कांची मानही थांबली. एवढ्या लांबून, एवढ्या मेंढरांच्या गलक्यातून त्यांना आमचं इंजिन कसं वेगळं ऐकू येत होतं, कोण जाणे. सगळी मेंढरं जाईतोवर त्या तशाच थांबून होत्या. मग ड्रायव्हरनं गिअर टाकला, टेम्पो पूल चढला, आणि मी बघितलं, अक्कांनी मान पुन्हा वळवायला सुरुवात केली.